मेडिकेअरचा नियमग्रंथ तहनाम्यासारखा वाचताना | थ्रेड

१/
गेल्या महिन्यात न्यू जर्सीहून आत्याचा फोन आला. ती ६७ वर्षांची आहे. मुलगा तिकडचा नागरिक, त्याने तीन वर्षांपूर्वी तिला ग्रीन कार्डावर बोलावून घेतले. ती म्हणाली, “अगं, डावीकडच्या घरातल्या आजोबांना सरकारी आरोग्य विमा आहे. उजवीकडच्या घरात चाळिशीचा एक मुलगा चाकांच्या खुर्चीत असतो, त्यालाही आहे. पण तो मिळायला दोन वर्षं थांबावं लागलं. मला म्हणतात, अजून दोन वर्षं थांबा. तू इतिहास शिकतेस ना? मग सांग, हे असलं कोणी ठरवलं?”

हा थ्रेड म्हणजे तिच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

२/
आपण इतिहासप्रेमी मंडळी पुरंदरच्या तहाची कलमे कशी वाचतो? कोणते २३ किल्ले गेले, कोणते १२ राहिले, आणि त्या यादीमागे कोणाचे बळ किती होते, हे आपण शोधतो. यादी वरवर विस्कळीत दिसते. परिस्थिती कळली की तिचा अर्थ लागतो.

अमेरिकेच्या ‘मेडिकेअर’ योजनेचे नियम असेच वाचावे लागतात. तर्काने पाहिले तर ते चक्रावून टाकतात. तहाची कलमे म्हणून पाहिले, तर जवळजवळ प्रत्येक नियमाला एक तारीख आणि एक वाटाघाट सापडते.

३/
आधी योजनेची रूपरेषा. मेडिकेअर ही केंद्र सरकारची विमा योजना आहे. ६५ वर्षे पूर्ण केलेले नागरिक, दीर्घकालीन अपंगत्व असलेले काही तरुण लोक आणि मूत्रपिंडे निकामी झालेले रुग्ण तिच्यात येतात. एकूण लाभार्थी साडेसहा कोटींहून अधिक आहेत.

तिचे चार भाग आहेत. ‘ए’ रुग्णालयाचा खर्च देतो. ‘बी’ डॉक्टरांचे शुल्क आणि बाह्यरुग्ण उपचार पाहतो. ‘सी’ म्हणजे हेच लाभ खासगी विमा कंपनीमार्फत घेण्याचा पर्याय. ‘डी’ म्हणजे औषधे. एका आजारासाठी चार कप्पे का, हा पहिला प्रश्न.

४/
त्याचे मूळ १९२९ मध्ये टेक्सासमधील डॅलस शहरात आहे. तेथील बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाचा कारभार पाहणारे जस्टिन फोर्ड किंबल यांनी शाळाशिक्षकांपुढे एक प्रस्ताव ठेवला: महिना ५० सेंट द्या आणि गरज पडल्यास २१ दिवस रुग्णालयात राहा. यातूनच पुढे ‘ब्लू क्रॉस’ची परंपरा उभी राहिली. तो विमा रुग्णालयांनी आपल्या खाटांसाठी उभारलेला होता. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डॉक्टरांनी आपल्या शुल्कासाठी वेगळी योजना काढली आणि तिच्यासारख्या योजना पुढे ‘ब्लू शील्ड’ म्हणून ओळखल्या गेल्या. खाट एकीकडे, डॉक्टर दुसरीकडे, ही विभागणी सरकार या क्षेत्रात येण्याच्या कितीतरी आधी रुजली होती.

५/
दुसरे वळण युद्धकाळातले. १९४२ मध्ये महागाई रोखण्यासाठी वेतनवाढीवर निर्बंध आले. कामगार टिकवायचे तर मालकांना दुसरे काही देऊ करणे भाग होते, आणि आरोग्य विमा त्या निर्बंधांतून मोकळा होता. १९५४ च्या करसंहितेने मालकाने भरलेल्या हप्त्याची करमुक्ती पक्की केली.

परिणाम असा की आरोग्य विमा नोकरीला चिकटला. नोकरी संपली की विमाही बहुधा संपे, आणि म्हातारपणात आजार वाढत त्याच सुमारास विमा कंपन्या पाठ फिरवत. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील जवळपास निम्म्या वृद्धांकडे रुग्णालयाचा विमा नव्हता.

६/
असे होण्यापूर्वीच सर्वांसाठी विमा आणण्याचा प्रयत्न झाला होता. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातून आरोग्य विमा बाहेरच ठेवला, कारण त्याच्या विरोधापायी पेन्शनही बुडेल अशी धास्ती होती. हॅरी ट्रुमन यांनी १९ नोव्हेंबर १९४५ रोजी काँग्रेसला संदेश पाठवून राष्ट्रीय आरोग्य विम्याची मागणी केली.

डॉक्टरांच्या ‘अमेरिकन मेडिकल असोसिएशन’ने ही योजना ‘समाजवादी वैद्यक’ ठरवली आणि १९४९ मध्ये व्हिटेकर अँड बॅक्स्टर ही प्रचारसंस्था नेमली. आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरचे ल्यूक फिल्ड्स यांचे प्रसिद्ध चित्र प्रचारपत्रकांवर झळकले. या चित्रात राजकारण आणू नका, असा त्याचा आशय होता. ट्रुमन हरले.

७/
त्यांच्या माणसांनी मग माघार घेतली, पण मैदान सोडले नाही. ऑस्कर ईविंग, विल्बर कोहेन आणि आय. एस. फॉक यांनी मागणी आक्रसून घेतली: सगळ्यांना नको, फक्त वृद्धांना द्या, सगळे उपचार नकोत, फक्त रुग्णालयाचे ६० दिवस द्या. वृद्धांबद्दल सहानुभूती होती, त्यांना कोणी आळशी म्हणू शकत नव्हते, आणि सोशल सिक्युरिटीच्या यादीत त्यांची नावे आधीच होती.

‘वृद्धांसाठी’ हा शब्द योजनेत आला तो असा. मोठा गड हाती लागत नाही म्हणून आधी पायथ्याची चौकी घ्यावी, तसा हा विचार होता. गडावर मात्र अमेरिका आजही पोहोचलेली नाही.

८/
येथे एका दंतकथेचा निकाल लावू. ६५ हे वय जर्मनीच्या बिस्मार्कने स्वतःच्या वयावरून ठरवले, असे समाजमाध्यमांवर वारंवार वाचायला मिळते. १८८९ च्या जर्मन कायद्यात वय ७० होते आणि बिस्मार्क तेव्हा ७४ वर्षांचे होते. जर्मनीने ते ६५ वर आणले १९१६ मध्ये, बिस्मार्क यांच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी. अमेरिकेने १९३५ मध्ये ६५ निवडले, कारण तेथील राज्यांच्या पेन्शन योजनांत ६५ आणि ७० ही दोन वये रूढ होती आणि त्यांपैकी ६५ परवडेल असा हिशेब निघाला. मेडिकेअरने तेच वय वारशाने घेतले.

९/
आक्रसलेल्या मागणीलाही विरोध कमी झाला नाही. १९६१ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेने एक ध्वनिमुद्रिका काढली आणि डॉक्टरांच्या पत्नींनी घरोघरी कॉफीच्या बैठका भरवून ती शेजारणींना ऐकवली. मुद्रिकेतला आवाज रोनाल्ड रेगन या अभिनेत्याचा होता. सरकारी विमा आला की पाठोपाठ स्वातंत्र्य जाईल, असा त्याचा इशारा होता.

२० मे १९६२ रोजी जॉन केनेडी यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वृद्धांच्या सभेत उत्तर दिले. तरी जुलैमध्ये सिनेटने ५२ विरुद्ध ४८ मतांनी प्रस्ताव फेटाळला.

१०/
चित्र पालटले ते नोव्हेंबर १९६४ च्या निवडणुकीने. लिंडन जॉन्सन प्रचंड मतांनी विजयी झाले आणि प्रतिनिधिगृहात त्यांच्या पक्षाला २९५ जागा मिळाल्या.

आता किल्ली एका माणसाच्या हाती होती. आर्कान्सचे विल्बर मिल्स हे करविषयक ‘वेज अँड मीन्स’ समितीचे अध्यक्ष. आतापर्यंत त्यांनीच हा प्रस्ताव अडवून धरला होता. मार्च १९६५ मध्ये त्यांच्यासमोर तीन परस्परविरोधी योजना होत्या: सरकार पक्षाची रुग्णालय विम्याची, रिपब्लिकन जॉन बर्न्स यांची डॉक्टरांच्या शुल्कासाठी ऐच्छिक विम्याची, आणि डॉक्टरांच्या संघटनेची गरिबांपुरत्या मदतीची.

११/
यांतली एक निवडली जाईल अशी सर्वांची अपेक्षा होती. मिल्स यांनी तिन्ही एकावर एक रचल्या. पहिलीचा झाला भाग ‘ए’, त्याला पैसा पगारावरील करातून. दुसरीचा झाला भाग ‘बी’, ऐच्छिक, सुरुवातीचा हप्ता महिना ३ डॉलर आणि तेवढीच भर सरकारी तिजोरीतून. गरिबांच्या मदतीचे झाले ‘मेडिकेड’, जे राज्यांच्या वाट्याने चालते आणि मेडिकेअरहून वेगळे आहे. वॉशिंग्टनमध्ये या रचनेला तीन थरांचा केक म्हणू लागले.

म्हणजे आत्याला चक्रावून टाकणारे ‘ए’ आणि ‘बी’ हे दोन भिन्न पक्षांचे दोन भिन्न प्रस्ताव आहेत, एकाच दाव्याने बांधलेले.

१२/
तहात देणेही आले. कायद्याच्या पहिल्याच कलमाने बजावले की केंद्र सरकार वैद्यकीय व्यवसायात ढवळाढवळ करणार नाही. रुग्णालयांना ‘वाजवी खर्च’ आणि डॉक्टरांना ‘प्रचलित शुल्क’ देण्याचे ठरले. त्यामुळे दर बऱ्याच अंशी तेच ठरवणार आणि सरकार पैसे देणार. देयके तपासण्याचे काम ब्लू क्रॉससारख्या संस्थांकडे गेले.

विरोध शमवण्याची ही किंमत होती. खर्च पुढे इतक्या वेगाने वाढला की १९८३ मध्ये प्रत्येक निदानासाठी ठरावीक रक्कम देण्याची पद्धत आणावी लागली. त्या कायद्यावर स्वाक्षरी करणारे राष्ट्राध्यक्ष होते ध्वनिमुद्रिकेतले तेच रेगन.

१३/
३० जुलै १९६५. जॉन्सन स्वाक्षरीसाठी मिझुरी राज्यातील इंडिपेंडन्स गावी गेले, कारण तेथे ८१ वर्षांचे ट्रुमन राहत होते. ट्रुमन यांच्या नावाच्या ग्रंथालयात समारंभ झाला आणि योजनेचे पहिले कार्ड त्यांना मिळाले, दुसरे त्यांच्या पत्नी बेस यांना. सर्वांसाठी विमा मागून हरलेल्या माणसाच्या हाती वीस वर्षांनी वृद्धांसाठीचा विमा आला.

१ जुलै १९६६ रोजी योजना प्रत्यक्षात सुरू झाली तेव्हा सुमारे १ कोटी ९० लाख वृद्ध तिच्यात होते.

१४/
आता या इतिहासातले ते पान, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने केंद्राच्या पैशातून रुग्णालये बांधली, पण ‘वेगळे पण समान’ या सबबीखाली कृष्णवर्णीयांना दूर ठेवण्याची मुभा दिली. नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथील दंतवैद्य जॉर्ज सिमकिन्स आणि त्यांचे सहकारी याविरुद्ध न्यायालयात गेले आणि १९६३ मध्ये जिंकले. पुढच्या वर्षीच्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने सांगितले: सरकारी पैसा घ्यायचा तर वर्णभेद करता येणार नाही.

१५/
मेडिकेअरने या कायद्याला दात दिले. १९६६ च्या वसंतात सुमारे हजारभर निरीक्षक देशभर फिरले. प्रसूतिकक्ष वेगळे आहेत का, रक्ताच्या पिशव्यांवर वर्ण लिहिला आहे का, एका खोलीत दोन्ही वर्णांचे रुग्ण ठेवले जातात का, हे त्यांनी तपासले. प्रमाणपत्र नाही तर पैसा नाही. चार महिन्यांच्या आत एक हजाराहून अधिक रुग्णालयांनी आपल्या भिंती पाडल्या.

पण कलमे नीट वाचा. हा नियम भाग ‘ए’च्या रुग्णालयांना लागू झाला. भाग ‘बी’चा पैसा सरकारी साहाय्य नसून विम्याचा करार आहे, असा अर्थ लावून खासगी डॉक्टरांचे दवाखाने त्यातून वगळले गेले, आणि ती सूट कित्येक दशके टिकली.

१६/
आता उजवीकडच्या घरातला तरुण. १९६५ च्या कायद्यात अपंग लोक नव्हतेच. अपंगत्वामुळे काम सुटलेल्यांना सोशल सिक्युरिटीतून पैसे देण्याची सुरुवात १९५६ मध्ये झाली होती, तीही ५० ते ६४ वयाच्या लोकांपुरती. वयाची ती अट १९६० मध्ये गेली. त्यांना रोख पैसे मिळत, उपचार मिळत नसत.

३० ऑक्टोबर १९७२ रोजी रिचर्ड निक्सन यांनी स्वाक्षरी केलेल्या दुरुस्तीने त्यांना मेडिकेअरमध्ये घेतले. अट एकच: अपंगत्वाचे पैसे सुरू झाल्यापासून २४ महिने थांबा.

१७/
का थांबायचे? कारणे तेव्हाच नोंदवली गेली. खर्च आटोक्यात ठेवायचा होता, मालकाच्या विम्याशी दुहेरी भार टाळायचा होता, आणि अपंगत्व खरोखर दीर्घकालीन आहे याची खात्री हवी होती. पैसे सुरू होण्याआधीची पाच महिन्यांची प्रतीक्षा धरली तर हा काळ २९ महिन्यांचा होतो. आजारी माणसाला उपचारांची गरज सर्वाधिक असते तेव्हाच हा काळ येतो, आणि तो संपण्यापूर्वी अनेकांचा मृत्यू होतो.

स्नायू निकामी करणाऱ्या ‘एएलएस’ या आजाराच्या रुग्णांना ही २४ महिन्यांची अट २००१ पासून माफ झाली. बाकी बहुतेकांसाठी १९७२ ची अट आजही तशीच आहे.

१८/
त्याच दुरुस्तीत एका आजाराला मात्र वेगळा न्याय मिळाला. १९६० मध्ये सिॲटलचे डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हाताच्या रक्तवाहिन्यांना कायमची नळी जोडण्याची युक्ती काढली आणि दीर्घकाळ डायलिसिस शक्य झाले. यंत्रे थोडी, रुग्ण पुष्कळ. मग कोणाला जगवायचे हे ठरवण्यासाठी सात जणांची निनावी समिती बसली: वकील, धर्मोपदेशक, बँकर, गृहिणी असे सामान्य नागरिक. रुग्णाची मिळकत, मुलेबाळे, चर्चमधला वावर, सारे तोलले जाई. नोव्हेंबर १९६२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात शॅना अलेक्झांडर यांनी हे उघड केले तेव्हा देश हादरला.

१९/
४ नोव्हेंबर १९७१ रोजी शेप ग्लेझर या रुग्णाने ‘वेज अँड मीन्स’ समितीपुढे साक्ष देताना तेथेच डायलिसिस करून दाखवले. कायदा त्या काही मिनिटांमुळे झाला, असे सांगितले जाते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे: अनेक वर्षांची खटपट आधीच चालू होती, आणि दुरुस्ती आली ती पुढच्या वर्षी, सिनेटमध्ये इंडियानाच्या व्हान्स हार्टकी यांच्याकडून, अर्ध्या तासाच्या चर्चेत. तरी ग्लेझर यांनी जे दाखवले त्याचे मोल कमी होत नाही. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांना वयाची अट न ठेवता योजनेत घेतले गेले. सिॲटलची ती समिती नाइलाजाने बसली होती. आता तिची गरज उरली नाही.

२०/
पुढचे भाग थोडक्यात. १९८८ मध्ये मोठ्या आजारपणाच्या खर्चावर मर्यादा घालणारा कायदा आला, पण त्याचा भार वृद्धांच्याच प्राप्तिकरावर टाकला गेला. ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोत संतप्त वृद्धांनी समितीचे अध्यक्ष डॅन रोस्टेन्कोव्स्की यांची मोटार अडवली. त्यांना पायी निसटावे लागले. त्याच वर्षी कायदा रद्द झाला.

१९९७ मध्ये भाग ‘सी’ आला. औषधांचा भाग ‘डी’ २००३ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २००६ पासून लागू झाला, पण सरकारने औषधांच्या किमतींची घासाघीस करू नये या अटीवर. ती अट काही औषधांपुरती शिथिल व्हायला २०२२ उजाडले.

२१/
तहात न मिळालेले किल्लेही मोजायला हवेत. नेहमीची दंतचिकित्सा, चश्मे, श्रवणयंत्रे १९६५ मध्येच वगळली गेली आणि मूळ मेडिकेअरमध्ये आजही नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अंघोळ घालणे, भरवणे, वर्षानुवर्षे सांभाळणे, हेही तिच्यात येत नाही. तो भार बचत संपवून गरीब झालेल्यांसाठी मेडिकेड उचलते, आणि त्याआधी घरातल्या बायका. म्हातारपणाच्या तीन मोठ्या गरजा, चावणे, ऐकणे आणि सांभाळ, म्हातारपणासाठीच्या योजनेबाहेर राहिल्या.

२२/
आता आत्या. भाग ‘ए’ विनाहप्ता हवा तर स्वतः किंवा जोडीदाराने अमेरिकेत साधारण दहा वर्षे काम करून कर भरलेला हवा. आत्याने आयुष्यभर साताऱ्याच्या शाळेत शिकवले; काका कधी तिकडे गेलेच नाहीत. असे काम नसलेल्या वृद्धांना हप्ता भरून ‘ए’ घेण्याची वाट १९७२ च्याच दुरुस्तीने उघडली. आज तो पूर्ण हप्ता महिना ५०० डॉलरहून अधिक आहे.

त्यासाठी आणि ‘बी’साठी तिच्यासारख्या परदेशी नागरिकाला कायम वास्तव्याचा परवाना आणि सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. तिची तीन झाली आहेत.

२३/
या पाच वर्षांनाही इतिहास आहे. फ्लोरिडातील काही वृद्ध स्थलांतरितांनी, ज्यांत क्युबातून आलेले निर्वासित होते, ही अट अन्यायकारक म्हणून न्यायालयात आव्हान दिले. १९७६ मध्ये ‘मॅथ्यूज विरुद्ध डियाझ’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला: परदेशी नागरिकांपैकी कोणाला किती द्यायचे, ही रेषा काँग्रेस आखू शकते, रेषा पाच वर्षांवरच का, एवढ्यावरून ती रद्द होत नाही.

‘हे कोणी ठरवलं?’ याचे नेमके उत्तर आहे ते हे: काँग्रेसने आखले आणि न्यायालयाने मान्य केले.

२४/
आत्याला हे सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे मी चुकून बाहेर राहिले नाही, मला बाहेर ठेवलंय.” मी हो म्हणाले. ती म्हणाली, “मग ठीक आहे. निदान कळलं तरी.” तोवर ती खासगी विमा घेते, गुडघ्याचे दुखणे पुढे ढकलते, आणि पुण्याच्या डॉक्टरांना फोन करते.

२५/
सरकारी नियमांपुढे आपण बहुधा दोनच गोष्टी करतो: चरफडतो किंवा निमूट मान्य करतो. इतिहासाचा विद्यार्थी तिसरी गोष्ट करू शकतो, नियमाची तारीख शोधू शकतो. तारीख सापडली की रेषा आखणारे हात दिसतात, आणि ती पुसणारेही: ग्रीन्सबरोचा दंतवैद्य, डायलिसिसचे यंत्र घेऊन साक्षीला गेलेला रुग्ण.

माणसांनी केलेला तह माणसांना पुन्हा करता येतो. मेडिकेअरचा तह १९७२ मध्ये, २००३ मध्ये, २०२२ मध्ये पुन्हा झाला. उजवीकडच्या घरातल्या तरुणाचे २४ महिने अजून कोणी सोडवून घेतलेले नाहीत.

तुमच्या घरातील कोणत्या सरकारी नियमाची तारीख शोधावीशी वाटते? खाली जरूर लिहा.

थ्रेड समाप्त.